गाडीच्या आतली हवा: वास, वाफा, धूर आणि कुबटपणा यांबद्दल कोकणातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

कोकणात गाडी कोरडी अशी क्वचितच असते. मार्च ते मे घामट उकाडा, जून ते सप्टेंबर सगळं ओलं, बारमाही खारा वारा. त्यात डिकीत कधी आंब्याच्या पेट्या, कधी सुकी मासळी. त्यामुळे पुण्या-नागपुरातल्या गाडीला दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. घाई असेल त्यांनी सायलेन्सरच्या धुराचा प्रश्न आधी वाचावा. बाकीच्या बहुतेक गोष्टींनी डोकं दुखतं, त्याने जीव जातो.

नव्या गाडीचा ‘नवा वास’ नेमका कशाचा?

एका कशाचाच नाही. सीटमधला पॉलियुरेथेनचा फोम, डॅशबोर्डचं प्लास्टिक, गालिच्याखालचा आणि छताच्या कापडामागचा गोंद, वायरींवरचं पीव्हीसी, रेक्झिनवरचा लेप, या सगळ्यांतून थोडी थोडी वाफ सुटत असते. त्यात टोल्युइन, झायलीन, स्टायरीन, फॉर्मल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड अशी मंडळी असतात. टोल्युइन-झायलीनसारखी हलकी द्रावकं पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने कमी होतात. फॉर्मल्डिहाइड मात्र चिवट. गाडी जुनी झाली तरी भर उन्हात तापली की ते पुन्हा डोकं वर काढतं. म्हणून वर्षभर वापरलेल्या गाडीतही मे महिन्यात दार उघडताच ‘नवा वास’ येतो.

तो विषारी आहे का? सरळ सांगा.

फॉर्मल्डिहाइड आणि बेंझीन या दोन्हींमुळे माणसाला कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. पण किती आणि किती वेळ, यावर सगळं अवलंबून. फॉर्मल्डिहाइडसाठी जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, अर्ध्या तासाच्या सरासरीने. चीनने २०११ मध्ये खास प्रवासी गाड्यांसाठी मार्गदर्शक आकडे काढले. त्यातही फॉर्मल्डिहाइडला हीच मर्यादा आहे, बेंझीनला ०.११ आणि टोल्युइनला १.१० मिलिग्रॅम. जपानी वाहन उत्पादकांची स्वेच्छा मर्यादा टोल्युइनच्या बाबतीत याहून बरीच कडक, ०.२६ मिलिग्रॅम.

मेख अशी की प्रयोगशाळेतली मुख्य मोजणी पंचविशीच्या आसपासच्या तापमानाला होते. मालवणच्या किनाऱ्यावर दुपारी दोनला काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड हात लावू देत नाही. तेव्हाची हवा त्या आकड्यांपेक्षा वाईट असणार, हे धरून चला.

रोज अर्धा-पाऊण तास गाडी चालवणाऱ्याने, बसताना काचा उघडण्याची सवय लावली तर काळजीचं कारण नाही. दिवसाचे दहा तास गाडीत काढणारे वडाप आणि पर्यटक टॅक्सीचे चालक, गरोदर बाई, दमेकरी आणि तान्हं मूल यांच्यासाठी मात्र पहिले तीन-चार महिने खरोखर सांभाळावे.

डॅशबोर्डमधून बेंझीन निघतं, एसी लावून लगेच बसलात तर कर्करोग होतो, असा मेसेज फिरतो. खरं का?

त्यातले आकडे बिनबुडाचे आहेत. गाडीत बेंझीन येतं ते मुख्यतः पेट्रोलच्या वाफांतून आणि समोरच्या वाहनाच्या धुरातून. डॅशबोर्डचा वाटा किरकोळ. मात्र ‘आधी काचा उघडा, मग एसी लावा’ हा त्यातला सल्ला बरोबर आहे. चुकीच्या कारणासाठी दिलेला बरोबर सल्ला.

उन्हात तापलेली गाडी थंड करण्याची योग्य रीत कोणती?

पुढची डावी काच पूर्ण खाली करा आणि उजव्या बाजूचं मागचं दार पाच-सहा वेळा उघडझाप करा. आतली तापलेली हवा त्या उघड्या काचेतून बाहेर ढकलली जाते. मग इंजिन सुरू करून ब्लोअर पूर्ण, हवा बाहेरची, चारही काचा उघड्या ठेवून मिनिटभर चालवा. त्यानंतर एसी. काचा लावल्यावर आणखी दोन-तीन मिनिटांनी, आतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड झाली की रीसर्क्युलेशन, म्हणजे गाडीच्या चित्रात गोल बाण असलेलं बटण दाबा. सुरुवातीलाच ते दाबलंत तर तीच तापलेली, वाफाळ हवा पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि गाडी थंडही उशिरा होते.

पोराला ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून बंद गाडीत ठेवू नका. काच चार बोटं उघडी ठेवल्याने काही फरक पडत नाही.

नवी गाडी घेतली आहे. वास लवकर कसा घालवायचा?

पहिलं काम, सीटवरची आणि दारांवरची प्लास्टिकची आवरणं त्याच दिवशी काढा. ‘सीट खराब होईल’ म्हणून ती सहा महिने ठेवणारे पुष्कळ आहेत. त्याने फोममधली वाफ अडकून पडते आणि पावसाळ्यात प्लास्टिकखाली घाम धरून बुरशी येते.

मग तापवा आणि मोकळी करा. सकाळी दहा-अकराला गाडी उन्हात, काचा बंद करून, दोन-तीन तास. नंतर सगळी दारं आणि डिकी उघडून वीस मिनिटं वाऱ्याला. असं आठवडाभर रोज केलं तर फरक कळतो. तापवताना कोणी आत बसायचं नाही, आणि फोन, पॉवर बँक, लायटर, स्प्रेचे डबे आत ठेवायचे नाहीत. सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उन्हात करता आली तर उत्तम. ऊन कडक आणि हवा त्यातल्या त्यात कोरडी. गणपतीच्या तोंडावर घेतलेल्या गाडीला हा उपाय चालत नाही, कारण ऊनच नसतं. तेव्हा रात्री पडवीत किंवा शेडमध्ये काचा बोटभर खाली ठेवून गाडी उभी करा. मांजरं आणि डास सांभाळा.

परफ्यूम लावून वास झाकणं म्हणजे आधीच्या द्रावकांत आणखी द्रावकं मिसळणं. ओल्या फडक्याने डॅशबोर्ड, दारांचे पॅनेल आणि काचा आठवड्यातून एकदा पुसल्या तर बसलेला थर निघतो. चकचकीत करणारं सिलिकॉनचं पॉलिश पहिले काही महिने तरी नको.

गाडीला वास नव्हता. सीट कव्हर, मॅट आणि अंडरकोटिंग केल्यावर डोकं दुखायला लागलं.

असं होतं, आणि बऱ्याचदा कंपनीच्या वासापेक्षा हा वास जास्त असतो. सेव्हन-डी मॅटचे थर गोंदाने चिकटवलेले असतात. स्वस्त रेक्झिन कव्हरला उन्हात रॉकेलसारखा दर्प येतो. ही दोन्ही बसवण्याआधी घरी मोकळ्या हवेत, सावलीत चार-पाच दिवस पसरून ठेवा. दारांत आणि फ्लोअरवर आवाज कमी करायला डांबरी शीट लावतात. मे महिन्यात ते मऊ पडून वास मारतं, म्हणून ब्युटाइल रबराचं मागा.

अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला गंजरोधक लेप फवारणं, कोकणात करावंच लागतं, खाऱ्या हवेत पत्रा टिकत नाही. पण त्यात द्रावक असतं. फवारल्यावर गाडी निदान २४ ते ४८ तास काचा उघड्या ठेवून उभी राहू द्या. घाईघाईत केलेल्या कामात तीन चुका नेहमी सापडतात. एक, फवारा सायलेन्सरवर उडतो आणि पुढचे कित्येक दिवस जळका वास येत राहतो. दुसरी, दारांच्या तळातली पाणी निघायची भोकं बुजतात. तिसरी, एसीच्या ड्रेन पाइपचं तोंड बंद होतं. शेवटच्या दोन्हींचा निकाल पावसाळ्यात लागतो, कुबट वासाच्या रूपाने. गाडी ताब्यात घेताना रॅम्पवर चढवून हे तिन्ही बघा.

पुढच्या काचेला आतून तेलकट थर चढतो. रात्री समोरून लाईट आला की काही दिसत नाही.

दोन कारणं संभवतात. प्लास्टिक मऊ ठेवण्यासाठी घातलेली थॅलेटसारखी द्रव्यं उन्हात उडतात आणि काचेवर बसतात. हा थर सगळीकडे सारखा असतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन मायक्रोफायबरने पुसा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने लगेच उजळा. हेच मिश्रण डॅशबोर्डवर किंवा टचस्क्रीनवर लावू नका.

थर डीफॉगर लावताच वाढत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि पायाखालचा गालिचा चिकट ओला लागत असेल, तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळतंय. ते इथिलीन ग्लायकॉल असतं. गोड लागतं आणि पोटात गेलं तर विष. गाडी गॅरेजला न्या.

पावसाळ्यात एसी लावला की कुबट, ओल्या मोज्यांसारखा वास. परफ्यूमने जात नाही.

कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी साचतं. कोकणात जुलैत हवाच इतकी दमट की कॉइल सतत ठिबकत असते. गाडी बंद केली की ती ओली कॉइल अंधारात, उबेत पडून राहते. धूळ, पाचोळा आणि पाणी एकत्र आलं की बुरशी आणि जिवाणू आलेच.

आधी ड्रेन पाइप बघा. दमट दिवशी एसी दहा मिनिटं चालवला की गाडीखाली पाण्याची धार नाही तरी ठिपके पडायलाच हवेत. पडत नसतील आणि डावीकडच्या पायाखालचा गालिचा ओला असेल, तर पाइप तुंबला आहे. बहुतेक गाड्यांत तो इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून डाव्या बाजूने खाली उतरतो. मऊ, टोक वळवलेली तार हळू फिरवून गाळ काढा. कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नका, आतला जोड निसटतो आणि मग पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

मग कॉइलची सफाई. एसी बंद करून केबिन फिल्टर काढा, कॉइलसाठीचा फोम नळीने आत सोडा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग काचा उघड्या ठेवून ब्लोअर पूर्ण वेगाने दहा मिनिटं. फिनेल, ब्लीचिंग पावडरचं पाणी किंवा आम्लाचा कोणताही घरगुती प्रयोग नको. क्लोरीन ॲल्युमिनियमची कॉइल खातं, आणि नवी कॉइल स्वस्तात येत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून घर पाच मिनिटांवर आलं की एसीचं बटण बंद, ब्लोअर जोरात चालू, हवा बाहेरची. भर पावसात बाहेरची हवाच ओली असते, त्यामुळे एवढ्याने भागत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा एसी बंद करून हीटर पूर्ण, रीसर्क्युलेशन चालू आणि काचा दोन बोटं खाली, असं दहा मिनिटं करा. हीटर वाऱ्याच्या वाटेत कॉइलच्या पुढे असतो, म्हणून बाहेरची हवा घेऊन हीटर लावला तर कॉइलवर थंड ओली हवाच येते. रीसर्क्युलेशनमध्ये केबिनची तापलेली हवा फिरून कॉइलवर जाते आणि ती सुकते.

गालिचा वरून कोरडा दिसतो, तरी वास येतो.

खालचा नमदा, म्हणजे फेल्टचा थर, ओला आहे. तो बोटभर जाड असतो आणि वरून कितीही ऊन दिलं तरी सुकत नाही. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिक पट्टी ओढून काढा, गालिचा उचला, खाली लाकडाचा तुकडा अडकवून टेबल फॅन २४ ते ४८ तास लावा. पाणी समुद्राचं असेल, म्हणजे तारकर्लीला किंवा गुहागरला पोहून तसेच ओले बसला असाल, तर आधी गोड्या पाण्याने धुवा. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, आणि मिठाचा गालिचा पावसाळाभर सुकत नाही. वरून सीटच्या रुळांना गंज चढतो तो वेगळाच.

केबिन फिल्टर कधी आणि कसा बदलायचा?

पुस्तिकेत साधारण १० ते १५ हजार किलोमीटर किंवा वर्ष असं असतं. कोकणात किलोमीटर सोडा, वर्षातून दोनदा: एकदा मेअखेरीस, जांभ्याची लाल धूळ खाऊन झाल्यावर, आणि एकदा ऑक्टोबरात, पावसाळ्याची ओल गेल्यावर. काही गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये जागा असते पण फिल्टरच दिलेला नसतो. विचारून घ्या.

इंजिन बंद. ग्लव्हबॉक्स रिकामा करा, बाजूची दोरी किंवा दांडी सोडवा, दोन्ही बगला आत दाबून तो खाली पाडा. मागे आडवं झाकण दिसेल, त्याच्या कळा दाबून ते काढा. जुना फिल्टर ओढण्यापूर्वी त्यावरचा बाण कुठे होता ते बघून ठेवा. नवा उलटा बसला तर हवा कमी येते. फिल्टरवर लेंड्या किंवा घरटं दिसलं तर हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात लावू नका. कोकणात लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) दुखणं नवीन नाही, आणि तो बहुतेक वेळा उंदराच्या मुतातून येतो. बोनेटखाली, पुढच्या काचेच्या तळाला जी जाळी असते, तिथला आंब्या-फणसाचा पाचोळाही काढा. अर्धा कुबटपणा तिथून येतो.

साधा कागदी फिल्टर फक्त धूळ अडवतो. धूर आणि वाफा थोड्याफार रोखायच्या तर ॲक्टिव्हेटेड कार्बनचा, करड्या-काळ्या रंगाचा घ्या. फिल्टर धुऊन परत लावू नका.

हवा आतली फिरवावी की बाहेरची घ्यावी? गणपतीला मुंबईहून बारा तास एसी लावून येतो आणि उतरताना डोकं बधिर झालेलं असतं.

स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. छोट्या गाडीत आतली जागा सुमारे ३ हजार लिटर. चौघे असतील तर पूर्ण बंद गाडीत त्याचं प्रमाण दर मिनिटाला जवळजवळ ४०० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) वाढेल. बाहेरच्या हवेत ते एकूणच ४२० पीपीएमच्या आसपास असतं. फटींतून हवा येत-जात असल्याने प्रत्यक्षात वेग कमी असतो, तरी पंधरा-वीस मिनिटांत २५०० च्या वर जायला अडचण नसते. जांभया, जडपणा, चालकाची झापड, सगळं त्यातून. ‘प्रवासाचा शीण’ म्हणून जे सांगतात, त्यात याचा मोठा वाटा असतो.

म्हणून रीसर्क्युलेशन कायम चालू ठेवायचं बटण नाही. रस्त्याच्या कामाची धूळ, कशेडीचा बोगदा, कुंभार्ली किंवा आंबा घाटात पुढे काळा धूर ओकणारा ट्रक, अशा ठिकाणी चालू करा. त्यातून सुटलात की बंद. खूप उकडत असेल तर दहा-पंधरा मिनिटं आतली, मग दोन-तीन मिनिटं बाहेरची. सातजण कोंबून बसले असतील तर प्रमाण उलटं करा.

सायलेन्सरचा धूर आत येतोय हे कसं ओळखायचं?

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धुराचा वास आला तर तो सोबत आलाच, पण वास आला नाही म्हणून तो नाहीच असं होत नाही. खूण अशी: गाडीतल्या सगळ्यांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, ताप नाही, आणि उतरून मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटतं.

किनाऱ्यावर सायलेन्सर घाटावरच्यापेक्षा लवकर गंजतो. जोडाची फ्लॅन्ज, लवचिक तुकडा आणि फ्लोअरखालून जाणारी नळी ही नेहमीची ठिकाणं. इंजिन थंड असताना सुरू करून ऐका: टक्-टक् असा फुटका आवाज येतो, जोडापाशी काळी काजळी दिसते. फ्लोअरमधल्या वायरींच्या भोकांची रबरं आणि डिकीच्या दाराचं रबर निघालेलं असेल तर धुराला वाट मिळते. दर पावसाळ्यानंतर ही तपासणी करून घ्या. पत्र्याला वेल्डिंगचं ठिगळ चालतं, एम-सील चालत नाही.

दुसरं कारण जास्त घडतं आणि कोणी लक्ष देत नाही. मखराचं सामान, बांबू किंवा पाइप बाहेर काढून डिकी उघडी ठेवून गाडी चालवतात. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि स्वतःचाच धूर आत ओढला जातो. असं करूच नये. अगदीच गरज पडली तर काचा बंद, हवा बाहेरची, ब्लोअर पूर्ण वेगाने आणि डॅशबोर्डच्या सगळ्या झडपा उघड्या. म्हणजे आतला दाब वाढतो आणि धूर मागेच राहतो. इथे काचा उघडल्या तर उलट ओढ वाढते.

कोणाला धूर लागलाच तर आधी उघड्यावर काढा, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात ‘गाडीतला धूर’ असं स्पष्ट सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनच वाटतो आणि आकडा छान दिसतो.

रात्री गाडी बाजूला घेऊन एसी लावून झोपलं तर?

नाही. गाडी उभी असताना धूर विखरत नाही. मागून वारा असेल, मागे भिंत किंवा बांध असेल, नळीचं तोंड चिखलात किंवा गवतात गेलं असेल तर तो गाडीखाली साठून आत येतो. इंजिन बंद, काचा चार बोटं खाली, आणि डासांसाठी जाळी.

वेगवेगळे वास कशाचे असतात?

पेट्रोलचा: टाकीचं झाकण नीट न लागणं, किंवा पंपावर नोझल आपोआप थांबल्यावरही ‘राउंड फिगर’ करणं. जादा पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि तो कायमचा खराब होतो. सडक्या अंड्याचा: बॅटरी जास्त चार्ज होतेय किंवा कॅटलिटिक कन्व्हर्टरचा दोष. बॅटरी गरम असेल तर ताबडतोब थांबा, ठिणगी लागेल असं काही करू नका. जळक्या कागदासारखा, घाट चढताना: क्लच; अर्ध्या क्लचवर गाडी धरू नका. तोच उतरताना चाकांपाशी: ब्रेक, थांबा, गार होऊ द्या, पाणी ओतू नका, पुढे खालच्या गिअरमध्ये उतरा. मासळीचा वास, आणि डिकीत मासळी नाही: एखादा वायरचा जोड किंवा सॉकेट तापतोय. कोकणात याकडे हमखास दुर्लक्ष होतं, कारण दोष बांगड्याला दिला जातो.

सीएनजीचा वास आला तर?

तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, दारं उघडा, दिवे-पंखे-फोन कशालाही हात लावू नका, सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो छताकडे साठतो. दारं-डिकी उघडली की लवकर जातो. एलपीजी जड, तो पायाशी आणि डिकीच्या खळग्यात बसतो. त्याला जास्त वेळ द्या. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी असते, तिची तारीख पाटीवर बघा. खारी हवा नळ्यांच्या जोडांनाही सोडत नाही.

डिकीत मासळीचं पाणी सांडलं. सोडा टाकला, परफ्यूम मारला, काही उपयोग नाही.

सोड्याने होणारच नाही. मासळीचा वास ट्रायमिथाइलअमीनचा, आणि ते अल्कधर्मी, सोडाही अल्कधर्मीच. त्याला आम्ल हवं. (नासलेल्या दुधाचा वास आम्लांचा, तिथे सोडा बरोबर.)

आधी वर्तमानपत्र किंवा लाकडाचा भुसा दाबून पाणी शोषून घ्या. मग थंड पाणी आणि साबण. गरम पाण्याने प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात. साबण पूर्ण निघाल्यावर अर्ध्या लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, किंवा एक भाग पांढरा व्हिनेगर आणि तीन भाग पाणी, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, टिपून घ्या, स्वच्छ पाण्याने पुसा, उन्हात ठेवा. स्टेपनीच्या खळग्यातलं बूच काढून तिथेही धुवा. अर्धं पाणी तिथेच गेलेलं असतं. कोकमाचं आगळही आंबटच, पण ते वापरलंत तर वास जाईल आणि डाग राहील.

पुढच्या वेळी बर्फाची मासळी झाकणाच्या थर्माकोल पेटीत, झाकणाला चिकटपट्टी, पेटी प्लास्टिकच्या घमेल्यात. सुकट, बोंबील, सोडे प्लास्टिकच्या पिशवीत कितीही गुंडाळले तरी वास आरपार येतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबाच हवा.

आंब्याच्या पेट्या बंद गाडीत नेल्या तर अपाय होतो का?

आढीत पिकणारा आंबा इथिलीन आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्या प्रमाणात माणसाला काही होत नाही. हवा मधूनमधून बाहेरची घ्या. बंद गाडी उन्हात ठेवली तर आंबेच उबून काळे पडतील. पण पेटीत राखाडी पावडरच्या कागदी पुड्या असतील आणि लसणासारखा वास येत असेल, तर ते कॅल्शियम कार्बाइड. त्यावर बंदी आहे. ओल लागली की त्यातून पेट घेणारा ॲसिटिलीन सुटतो, सोबत आर्सिन आणि फॉस्फिन या विषारी वायूंचे अंश. अशी पेटी घेऊ नका, गाडीत तर नकोच.

उंदरांसाठी डांबर गोळ्या, वासासाठी कापूर, डॅशबोर्डवरच्या गणपतीला अगरबत्ती. यात काय चालतं?

डांबर गोळ्या नकोत. नॅफ्थलीनची वाफ बंद गाडीत दाट होते, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात, कावीळ होते. अशी कमतरता आहे हे घरच्यांना बहुधा ठाऊकही नसतं. शिवाय उंदीर त्यांना फारसे जुमानत नाहीत. हवा आत घेण्याच्या तोंडावर बारीक स्टीलची जाळी बसवून घ्या.

कापराची एखादी वडी चालेल, पण पोराच्या हाताला लागणार नाही अशी. गिळला तर झटके येतात. अगरबत्ती पेटवायची तर दारं उघडी ठेवून, पूजेपुरती. गणपतीला फुलं आवडतात.

फवारणीची औषधं किंवा सेल्फॉसच्या गोळ्या डिकीत नेल्या तर?

कारच्या डिकीला आणि बसायच्या जागेला हवा एकच. फवारणीचा पंप आणि डबे पिकअपच्या हौद्यातून न्या. सेल्फॉस म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. त्याच्या गोळ्या ओलाव्याने फॉस्फिन सोडतात, त्यावर उतारा नाही. इथल्या हवेत उघडलेली डबी माणसांच्या गाडीत ठेवायची नाही, हौद्यातही झाकून आणि कोरडीच.

जुनी गाडी घेतोय. पुरात गेलेली आहे का हे वासावरून कळेल?

विकणारा परफ्यूम मारून आणतो, म्हणून जास्तच घमघमाट असेल तिथे जास्तच बघा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडला असंख्य गाड्या पाण्यात गेल्या, आणि दुरुस्त होऊन बाजारात आलेली गाडी आपण कुठून आलो हे सांगत नाही. काचा बंद करून गाडी तासभर उन्हात ठेवायला सांगा, मग दार उघडून पहिला वास घ्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटचे रूळ, स्टेपनीचा खळगा, गालिच्याखालचे वायरींचे जोड तपासा. पुराच्या पाण्यात गटार आणि डिझेल दोन्ही असतं. नमदा आणि फोम बदलल्याशिवाय तो वास जात नाही.

हवा मोजणारं यंत्र किंवा एअर प्युरिफायर घ्यावा का?

स्वस्त फॉर्मल्डिहाइड मीटर सॅनिटायझर, परफ्यूम, पिकलेला फणस, सगळ्यालाच फॉर्मल्डिहाइड म्हणतं. पीएम २.५ चं, म्हणजे अतिबारीक धूलिकण मोजणारं यंत्र पावसाळ्यातल्या दमट हवेत फुगलेला आकडा दाखवतं. एनडीआयआर (अवरक्त किरणांनी मोजणाऱ्या) सेन्सरचं कार्बन डायऑक्साइड मीटर मात्र भरवशाचं असतं, आणि सवय बदलायला तेच सर्वात उपयोगी.

कपहोल्डरमध्ये बसणाऱ्या प्युरिफायरपेक्षा चांगला केबिन फिल्टर बरा. ओझोन सोडणारं यंत्र माणसं आत असताना कधीही चालवू नका. कोळशाच्या पिशव्या इथल्या दमटपणात वाफांऐवजी पाणीच धरतात. महिन्याला ऊन दाखवलंत तरी जेमतेम.

घाटात मुलांना गाडी लागते, ती वासामुळे का?

मूळ कारण वळणं. वासाने ती लवकर लागते. घाटाच्या पायथ्याशीच परफ्यूमची डबी डिकीत टाका, हवा बाहेरची घ्या आणि मुलाच्या बाजूची काच बोटभर उघडा.